आपलीच पत, आपणच विकत घ्यायची?

‘तुमचे सिबिल बसत नाही.’ बँकेच्या खिडकीवर हे चार शब्द ऐकून रिकाम्या हातांनी परतलेली माणसे आज प्रत्येक गावात व प्रत्येक चाळीत भेटतात. पीककर्ज मागणारा शेतकरी, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागणारा एस. टी. चा वाहक, बचत गटातून शिलाई यंत्र घेऊ पाहणारी विधवा, अशी ही माणसे. आपल्याविरुद्ध कोणती नोंद आहे, ती कोणी केली आणि ती खरी आहे काय, हे त्यांतील बहुतेकांना ठाऊक नसते. वर्षातून एकदाच्या सवलतीपलीकडे ते जाणून घ्यायचे, तर पैसे मोजावे लागतात. ज्याच्यावर निकाल दिला, त्यालाच निकालपत्राची किंमत मागणारी ही व्यवस्था न्याय्य आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशात पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका व वित्तसंस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराचा तपशील या कंपन्यांना पुरवतात. कंपन्या त्यावरून अहवाल तयार करतात, ३०० ते ९०० यांमधील एक गुणांक ठरवतात आणि तो पुन्हा बँकांनाच विकतात. २००५ च्या पतमाहिती कंपन्या (नियमन) कायद्याच्या कलम २१ अन्वये, कर्ज मागणाऱ्यास आपल्याविषयी बँकेने मागवलेल्या माहितीची प्रत मागता येते. परंतु ठरवून दिलेले शुल्क भरल्यावरच. कंपनीकडून थेट अहवाल घेतल्यास १०० रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते, असे केंद्रीय अर्थ राज्यमंत्र्यांनी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेला सांगितले. २०१६ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने काढलेल्या आदेशामुळे १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीला वर्षातून एक पूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य द्यावा लागतो. ही सवलत खरी आहे, तिचा उपयोग प्रत्येकाने केलाच पाहिजे. पण ती पुरेशी आहे, असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. २०२५ च्या जानेवारीपासून बँकांनी महिन्यातून निदान दोनदा ही माहिती अद्ययावत करावयाची आहे. म्हणजे कर्जदाराच्या वहीत वर्षातून किमान चोवीस वेळा लिहिले जाणार आणि ती वही त्याला फुकट वाचायला मिळणार एकदा!

कंपन्यांच्या बाजूने असे सांगितले जाते की, अहवाल तयार करण्यास खर्च येतो, आणि ज्याला सेवा हवी त्याने तिचे मोल द्यावे. हा युक्तिवाद क्षणभर मान्य करू. मग प्रश्न असा उरतो की, या सेवेचा कच्चा माल कोणाचा? महिन्याच्या महिन्याला पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्या कष्टकऱ्याचे व्यवहार हाच तो कच्चा माल होय. त्यासाठी कंपनी त्याला एक पैसाही देत नाही. बँकांना अहवाल विकून तिचा खर्च आणि नफा दोन्ही निघतात, आणि हा भार अखेरीस कर्जदारावरच पडतो. त्यावर पुन्हा त्याच्याकडून शंभर रुपये घेणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले धान्य कापून नेऊन त्यालाच भाव सांगण्यासारखे आहे. शिवाय शंभर रुपयांवर हा व्यापार थांबत नाही. गुणांकावर ‘लक्ष ठेवण्याच्या’ नावाखाली महिन्याची व वर्षाची वर्गणी विकली जाते. माणसाच्या मनात प्रथम भीती निर्माण करावयाची आणि मग त्या भीतीवर उतारा विकावयाचा, असा हा धंदा आहे.

आणि हा नफा जातो कोठे? २००० साली सिबिलची स्थापना झाली, तेव्हा स्टेट बँक ही तिच्या दोन प्रमुख भागधारकांपैकी एक होती, आणि अमेरिकेच्या ट्रान्सयुनियनचा वाटा अवघा १० टक्के होता. पुढे बँकांनी आपले भाग विकले आणि २०१७ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक मालकी त्याच शिकागोच्या कंपनीकडे गेली. राष्ट्रीयीकृत बँकांनी जनतेच्या पैशावर आणि विश्वासावर उभी केलेली माहिती अशा रीतीने परकीय मक्तेदारीच्या तिजोरीत जमा झाली.

याच कंपन्यांचे मायदेशातील वर्तन उद्बोधक आहे. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने ट्रान्सयुनियन व इक्विफॅक्स यांना २ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक रकमेची भरपाई व दंड भरावयास लावले. फुकट किंवा एका डॉलरात गुणांक देण्याचे आमिष दाखवून त्यांनी लोकांना मासिक वर्गणीत अडकवले होते. त्याच वर्षी इक्विफॅक्सच्या भांडारातून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. तरीही त्या भांडवलशाही देशात, अहवालाच्या आधारे कर्ज नाकारले गेल्यास तो अहवाल विनामूल्य पाहण्याचा हक्क १९७० च्या कायद्यापासून आहे. ब्रिटनमध्येही पूर्वी अहवालासाठी २ पौंड पडत. २०१८ पासून तेही घेता येत नाहीत. जे तेथे शक्य झाले, ते येथे अशक्य का ठरावे?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे बाहेर काढून जाळले. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदाने आपली जमीन गिळली, हा त्यांचा अनुभव होता. त्या उठावाच्या धक्क्याने परक्या सरकारलाही १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला, आणि कर्जदाराला पावती व हिशेबाची लेखी फर्द मिळण्याचा हक्क द्यावा लागला. आजची वही संगणकात आहे, एवढाच काय तो फरक.

या वहीत चुका होत नाहीत, असे कोणी समजू नये. फेडलेले कर्ज चालू दिसते, सारख्या नावाच्या माणसाचे थकीत खाते दुसऱ्याच्या माथी बसते. मित्राला जामीन राहिलेल्या कामगाराला त्याची थकबाकी भोवते. तडजोडीने एकरकमी परतफेड करणाऱ्यावर ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो. त्याची किंमत कर्जापुरती राहत नाही. निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक पतइतिहासावरून रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने उचलून धरला. याउलट केवळ कमी गुणांकावरून विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज फेटाळता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले. महाराष्ट्रात तर पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांवर गुन्हे नोंदवू, असा इशारा २०२५ च्या मे महिन्यात मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला. नोकरी, शिक्षण व पेरणी ज्या कागदावर अवलंबून आहेत, तो कागद चैनीची वस्तू म्हणून कसा विकता येईल?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. कलम २१ मधील शुल्काची अट रद्द करावी. कर्ज वा नोकरी नाकारताना ज्या अहवालाचा आधार घेतला, त्याची प्रत न मागता, विनामूल्य आणि कर्जदाराच्या भाषेत त्याच्या हाती द्यावी. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केला आहे. तो बँकेच्या प्रत्येक शाखेत फलकावर लावावा. आणि पतमाहितीची नोंदवही सार्वजनिक मालकीची असावी.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. युनियनच्या कचेरीत, किसान सभेच्या शाखेत, महिलांच्या गटात एक दिवस ठरवून प्रत्येक सभासदाचे चारही विनामूल्य अहवाल काढावेत, ते मोठ्याने वाचून समजावून द्यावेत आणि चुकांच्या तक्रारी तेथेच लिहाव्यात. १८७५ च्या कुणब्याला आपला कागद वाचता येत नव्हता. आज तो वाचून घेणे आणि वाचून दाखवणे, ही संघटनेची जबाबदारी आहे.