प्लास्टर काढण्याचे पैसे वेगळे का?

मनगटाचे हाड मोडले की प्लास्टर साधारण सहा आठवडे राहते, नडगीचे त्याहून जास्त. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये मात्र रुग्णाला घरी सोडल्यानंतर 10 दिवसांपर्यंतचाच पाठपुरावा धरलेला आहे. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत गेले आहे. मोठ्या शस्त्रक्रियेचा घोर त्यामुळे कमी झाला, पण प्लास्टर निघण्याचा दिवस या हिशेबाबाहेर राहिला. शिवाय योजना मुळात भरती रुग्णांसाठी. ओपीडीत प्लास्टर बांधून घरी जाणाऱ्याचा सगळा खर्च खिशातूनच होतो. प्लास्टर काढणे हा हाडाच्या उपचाराचाच शेवटचा भाग आहे. ज्याने बांधले, त्याने काढण्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. अमेरिकेतले उपचार महाग म्हणून बदनाम आहेत आणि ते खरेही आहे. पण तिथल्या बिलांच्या सांकेतिक क्रमांकांत ही गोष्ट स्वच्छ लिहिलेली आहे. 29700 पासूनचे प्लास्टर काढण्याचे क्रमांक दुसऱ्याने बांधलेले प्लास्टर काढले तरच लावता येतात.

भंडारा जिल्ह्यात हा फरक फार महत्त्वाचा आहे. महामार्गावरच्या अपघातातला जखमी पुष्कळदा थेट नागपूरला नेला जातो. सहा आठवड्यांनी लाखांदूर किंवा पवनीच्या खेड्यातून फक्त प्लास्टर काढायला पुन्हा नागपूर गाठायचे, तर बसभाडे जाते आणि सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. रोवणीच्या दिवसांत तर ती बुडवणे परवडतच नाही. मग जवळचा दवाखाना गाठला जातो. त्या डॉक्टरने मोबदला घेणे रास्तच आहे.

डॉक्टर म्हणतील, करवत लागते, शिकलेला माणूस लागतो, वेळ जातो. खरे आहे, पण हा खर्च प्लास्टर बांधतानाच ठाऊक असतो. तो तेव्हाच दरात धरावा. एक्स-रे वेगळा लावला तरी हरकत नाही, फक्त आधी सांगावे. दुसरा आक्षेप असा की काही रुग्ण परतच येत नाहीत, प्लास्टर भिजवून घरीच कापतात, मग त्यांच्याकडून आगाऊ पैसे का घ्यावेत? मला तर हेच पैसे आधी घेण्याचे सर्वांत मोठे कारण वाटते. पुन्हा खिशात हात घालावा लागणार नाही हे माहीत असलेला माणूस परत येण्याची शक्यता जास्त. हाड पुरते जुळण्याआधी घरी कापलेले प्लास्टर पुढे आयुष्यभराचे वाकडेपण देऊ शकते.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तेव्हा तुमसर, साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयांत, प्लास्टर कुठेही बांधलेले असो, ते काढून मिळेल असा स्पष्ट फलक लागला पाहिजे. खासगी रुग्णालयांना 2021 च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक लावणे बंधनकारक केलेच आहे; त्यात ही एक ओळ घालायला काहीच अडचण नसावी. तोवर वाचकांनी प्लास्टर बांधतानाच विचारावे की काढण्याचे पैसे यात धरले आहेत का, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.