निवडीचा हक्क आणि बाहेर पडण्याची वाट

मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ रोजी देशभर लागू झाली. ग्राहक केव्हाही हातचा जाऊ शकतो, ही जाणीव त्या दिवसापासून कंपन्यांना ठेवावी लागली. घरातील ब्रॉडबँडच्या बाबतीत मात्र अशी सुटसुटीत पद्धत अद्याप नाही. तारेच्या दूरध्वनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. जुनी जोडणी तोडायची, राउटर परत करायचा, अनामत रकमेसाठी हेलपाटे घालायचे, नवी तार ओढून घ्यायची आणि मधले दिवस सेवेवाचून काढायचे, हा सारा खटाटोप ग्राहकाच्याच माथी येतो.

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीसारख्या गावात सरकारी निगम, मोठ्या खासगी कंपन्या आणि स्थानिक केबलचालक यांच्या जाहिराती पाहिल्या, तर येथे चुरशीची स्पर्धा आहे असेच कोणालाही वाटेल. परंतु स्पर्धा केवळ विक्रेत्यांच्या संख्येवर मोजता येत नाही. एकाला सोडून दुसऱ्याकडे जाणे किती सोपे व किती स्वस्त आहे, यावर तिचा खरा कस लागतो.

मुळात तुलना करणेच अवघड करून ठेवलेले असते. जाहिरातीत मासिक दर ठळक असतो. १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि जोडणीचा आकार बारीक अक्षरांत असतो. समजा, एका कंपनीचा दर ५०० रुपये व जोडणीचा आकार १००० रुपये आहे; दुसरीचा दर ५५० रुपये असून जोडणी मोफत आहे. करासह पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला, तर पहिलीला ८२६० रुपये आणि दुसरीला ७७८८ रुपये पडतात. म्हणजे स्वस्त दिसणारी जोडणीच महाग ठरते. वेगाचेही तेच. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. शिवाय हा आकडा ‘पर्यंत’ या शब्दाने बांधलेला असतो. रात्री आठ वाजता प्रत्यक्षात किती वेग मिळतो, हे शेजाऱ्याला विचारल्यावाचून कळत नाही.

सवलतीच्या मोहाने वर्षाची वर्गणी आगाऊ भरली, की ग्राहकाचे हात बांधले जातात. सेवा दोन महिन्यांत ढासळली, तरी उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे बुडतील या भीतीने तो निमूट राहतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा शाळेची माहिती पाठवणाऱ्या शिक्षकाला शेवटच्या तारखेच्या रात्री जोडणी बंद पडली, तर होणारे नुकसान दोन दिवसांच्या वर्गणीत कसे मोजणार?

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण दिले आहे. ट्रकवाहतुकीची स्पर्धा असूनही ती रेल्वे सुधारली नाही. कारण जे गिऱ्हाईक आवाज उठवू शकले असते, तेच आधी ट्रककडे वळले. आणि सरकारी तिजोरीचा आधार असल्याने रेल्वेलाही त्यांच्या जाण्याची झळ बसली नाही. आपल्या जिल्ह्याने यातून बोध घेण्यासारखा आहे. शहरातील जाणता ग्राहक कंपनी बदलून मोकळा होईल. पण आष्टी, कारंजा वा समुद्रपूर तालुक्यातील ज्या खेड्यात एकच तार पोचली आहे, तेथील ग्राहक जाणार कोठे? त्याच्या तक्रारीला जोर देणारे लोक आधीच निघून गेलेले असतील. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. परंतु पंचायतीपासून घरापर्यंतचे अंतर कोण, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर तोडणार, हा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

तेव्हा उपाय दोन्ही अंगांनी हवेत. पहिला, बाहेर पडण्याचा. सेवा समाधानकारक नसल्यास आगाऊ वर्गणीचा उरलेला भाग ठरावीक मुदतीत परत मिळाला पाहिजे आणि पहिल्या वर्षाचा करासह एकूण खर्च प्रत्येक कंपनीने मराठीत छापला पाहिजे. रस्ता खोदण्यास परवानगी देताना एकाच नळीतून अनेकांच्या तारा नेण्याची सोय झाली, तर नव्या कंपनीचा खर्चही उतरेल. दुसरा उपाय, आवाज उठवण्याचा. दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि नंतर तिच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. पण वाट तेथे संपत नाही. दूरसंचाराची गाऱ्हाणी ग्राहक मंचापुढे चालत नाहीत, हा २००९ च्या निकालानंतर रूढ झालेला समज सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दूर केला. जिल्हा ग्राहक आयोगाचे दार त्यामुळे उघडे आहे. मात्र त्यासाठी तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि पावती जपून ठेवायला हवी.

एकट्या ग्राहकाला हे जड जाते, हे खरे. म्हणूनच शिक्षकांच्या संघटना, कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था आणि महाविद्यालयांतील ग्राहक मंडळे यांनी हे काम अंगावर घ्यावे. कोणत्या भागात कोणाची सेवा किती दिवस बंद राहिली, याची साधी नोंदवही ठेवली, तरी नव्या ग्राहकाला जाहिरातीपेक्षा अधिक खरे काही हाती लागेल. आणि ज्या खेड्याला दुसरी तारच नाही, त्याच्या बाजूने बोलायला निदान कोणीतरी उभे राहील.