हिकमत : युक्ती की शहाणपण?

'हिकमत' हा शब्द मराठीत युक्ती या अर्थाने रुळला. उर्दूत मात्र त्याचा पहिला अर्थ शहाणपण. मोबाइल घरोघरी आला, युक्ती वाढली. शहाणपणाचे काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण खरे-खोटे पारखणे हे यंत्राचे नव्हे, माणसाचे काम आहे.

बातमी आली की आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे तरी नुकसान होईल, अशी कुरआनची ताकीद आहे. नवव्या शतकात इमाम बुखारींनी हदीस संकलित करताना सांगणारा कोण, त्याने कुणाकडून ऐकले, तो विश्वासू आहे का, ही सगळी साखळी तपासली.

रमजानमध्ये रोजेदाराच्या घशाला कोरड पडते, समोर पाणी असते, तरी हात थांबतो. इफ्तारपर्यंत थांबणाऱ्या हाताला संदेश पुढे ढकलण्याआधी दोन मिनिटे थांबणे जड जाऊ नये. हा संयम ईदनंतरही टिकायला हवा. रोजा न ठेवणाऱ्यांनाही तो जमण्यासारखा आहे.