पायाच्या जखमेला घाई मानवत नाही

शस्त्रक्रिया संपली की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. टाके किती पडले? आणि ते कधी काढणार? रुग्ण जखम न शिवता, नुसती पट्टी बांधून वॉर्डात आला, तर मात्र प्रश्नाची जागा संशय घेतो. 'सरकारी दवाखाना आहे म्हणून काम अर्धवट सोडले का?' या संशयापोटी काही जण रुग्णाला उचलून दुसरीकडे नेतात. तिथे आग्रहाखातर जखम शिवली जाते. वरून ती छान दिसते, पण आत पू साठत राहतो. मग जे दुखणे एका बोटावर निभावले असते, त्यासाठी गुडघ्याखाली पाय कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून पावलाची जखम कशी आणि कधी बंद करायची, हा विषय फक्त शल्यचिकित्सकांपुरता राहत नाही.

चेहऱ्यावरचे टाके साधारण पाचव्या दिवशी काढता येतात. पावलावरचे दोन ते तीन आठवडे ठेवावे लागतात. हा फरक रक्तपुरवठ्याचा आहे. पाऊल हृदयापासून सर्वांत लांब आहे आणि आपण उभे राहिलो की सूज तिथेच उतरते. पावलाच्या वरच्या बाजूची कातडी पातळ असते. तिच्याखाली मांसाची गादी नाही, थेट स्नायूंच्या दोऱ्या आणि हाडे आहेत. तळव्याची कातडी जाड असते, पण ती आतल्या पडद्याला तंतूंनी घट्ट बांधलेली असते. पोटाची कातडी चिमटीत सहज धरता येते. टाचेची धरून पाहा, येणार नाही. त्यामुळे पावलावर थोडीशी कातडी जरी गेली, तरी उरलेल्या कडा ओढून जुळवाव्या लागतात. ओढल्या की ताण येतो आणि ताणाने बारीक रक्तवाहिन्या दबतात. कड आधी निळसर, मग काळी पडते आणि शेवटी जखम उघडते. घट्ट आवळलेला टाका म्हणजे मजबूत टाका, हा समज पावलावर महागात पडतो.

टाचेच्या हाडाचेच उदाहरण घ्या. परांचीवरून किंवा झाडावरून पडलेल्या माणसाची टाच चुरडते आणि पाय काही तासांत टम्म फुगतो. अशा पायावर लगेच चीर दिली, तर ती बंद करताना कातडी पुरत नाही. म्हणून बंद हाडमोडीत बहुधा एक ते दोन आठवडे थांबतात. सूज ओसरून कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या, की पाय तयार झाला असे समजतात. नातेवाइकांना हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात जखम बंद करण्याची तयारी तेव्हाच सुरू झालेली असते. या शस्त्रक्रियेची जुनी पद्धत म्हणजे टाचेच्या बाहेरच्या बाजूला इंग्रजी 'एल' अक्षरासारखी मोठी चीर. तिच्या कोपऱ्यावरची कातडी सर्वांत नाजूक असते आणि ती काळी पडण्याची भीती कायम असते. म्हणून जिथे शक्य आहे, तिथे आता लहान चिरेतून हाड बसवतात. रुग्ण विडी-सिगारेट ओढत असेल किंवा त्याला मधुमेह असेल, तर धोका आणखी वाढतो. तंबाखू आणि मिश्रीतले निकोटिनही शेवटी रक्तातच उतरते, हेही लक्षात ठेवावे.

आता साधनांकडे वळू. नायलॉनचा साधा धागा अजूनही पावलाचा भरवशाचा सोबती आहे. तो ओल शोषत नाही आणि जंतूंना फारसा थारा देत नाही. ताण असलेल्या चिरेसाठी डोनाटी आणि ऑलगोवर या दोन शल्यचिकित्सकांच्या नावाने ओळखला जाणारा टाका वापरतात. त्यात धागा एका कडेच्या कातडीतून वर येतच नाही, आतूनच फिरून परततो. त्या कडेवर दाब कमी पडतो, म्हणून नाजूक बाजू कोणती हे आधी ओळखून टाका घ्यायचा असतो.

स्टेपलच्या पिना झटपट बसतात, भुलीचा वेळ वाचवतात. पण २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अस्थिशस्त्रक्रियांतील सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. त्यात पिनांच्या जखमांत जंतुसंसर्गाचा धोका टाक्यांच्या तिपटीहून अधिक आढळला. मूळ अभ्यास लहान आणि उणिवा असलेले होते, त्यामुळे हा अखेरचा निकाल मानू नये. पण पावलासारख्या जागी सावध राहायला तो पुरेसा आहे. 'टाके नकोत, गोंद लावा' अशी मागणीही हल्ली होते. वैद्यकीय गोंद लहान, कोरड्या, ताण नसलेल्या जखमेवर उत्तम चालतो. पाऊल घामेजते, वाकते आणि अंगाचा भार उचलते. तिथे एकट्या गोंदावर विसंबता येत नाही.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न असतो, ही जखम आज शिवायची का? चिखलात रुतलेला खिळा, शेणामातीत झालेली इजा, मधुमेहाने चिघळलेले बोट. अशा जखमेतला मेलेला भाग काढून ती उघडी ठेवणे हाच उपचार असतो. पहिल्या महायुद्धात चिखलाने माखलेल्या जखमा लगेच शिवल्या, तेव्हा वायुजन्य गँगरीनने असंख्य सैनिक गेले. तो धडा आजही युद्धशस्त्रक्रियेत पाळला जातो. जखम साफ करून उघडी ठेवायची आणि ती स्वच्छ असेल तर चार-पाच दिवसांनी शिवायची. कडा तेव्हाही जुळत नसतील, तर ती आतून भरू द्यायची किंवा मांडीची पातळ कातडी लावायची.

उघड्या जखमेवर यंत्राने हवा खेचणारे व्हॅक्यूम ड्रेसिंग आता अनेक ठिकाणी मिळते. ते कुठे वापरावे यालाही मर्यादा आहेत. मधुमेहामुळे पावलाचा काही भाग काढलेल्या १६२ रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांत हे ड्रेसिंग लावलेल्यांपैकी ५६ टक्के जखमा भरल्या, साध्या ड्रेसिंगच्या ३९ टक्के. उलट पायाच्या हाडमोडीच्या शस्त्रक्रियेनंतर शिवलेल्या जखमांवर ब्रिटनमध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२० चा. तिथे ३० दिवसांतील खोल संसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्राच्या गटात ५.८४ टक्के, साध्या पट्टीच्या गटात ६.६८ टक्के. महाग म्हणजे चांगले, हे गणित इथे चुकते.

आणि रक्तच पोहोचत नसेल, तर धागा, पिन, यंत्र काहीच कामाचे नाही. पावलावरच्या दोन नाड्या बोटांनी चाचपून पाहायला मिनिटभर लागतो. त्या लागत नसतील, तर हातातल्या लहान डॉप्लर यंत्राने रक्तप्रवाह तपासता येतो. आधी रक्तवाहिनी मोकळी करायची, मग जखमेचा विचार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा ही तपासणी मोठ्या शहरातल्या रुग्णालयापुरती राहून चालणार नाही.

घरी गेल्यावर जखमेची खरी परीक्षा सुरू होते. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते. तीन महिन्यांनीही ती ८० टक्क्यांच्या आसपास थांबते. मधुमेह्याच्या बधिर पायाला दुखत नाही, म्हणून तो टाक्यांवर खुशाल चालतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवले होते. बधिर पायाच्या तळव्यावरचा भार प्लॅस्टरने विभागला, की न भरणारे व्रणही भरू लागत.

पण रोजंदारीवरच्या माणसाला 'तीन आठवडे पाय टेकू नका' असे सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण. ऊसतोडीची उचल घेतलेल्या कुटुंबात एक कोयता थांबला की हिशेब कोलमडतो. म्हणून तो दहाव्या दिवशी गावातच टाके काढून घेतो आणि फडात उतरतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होण्यापेक्षा व्यवस्थेने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात डॉप्लर यंत्र आणि ते वापरणारा माणूस असावा. डिस्चार्ज कार्डावर टाके काढण्याची तारीख आणि पाय कधी टेकायचा ते मराठीत, ठळक लिहावे. आणि भार कमी करणारे प्लॅस्टर किंवा पादत्राण हा शस्त्रक्रियेच्या खर्चाचाच भाग मानावा. हा खर्च कृत्रिम पायाच्या आणि आयुष्यभराच्या बुडालेल्या मजुरीच्या तुलनेत किरकोळ आहे.

रुग्णानेही टाक्यांची संख्या विचारण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे. माझ्या पायात रक्त नीट पोहोचते का? जखम आज बंद करणे सुरक्षित आहे का? आणि किती दिवस मी भार द्यायचा नाही? जखम उघडी ठेवली असेल, तर कारण विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि ते समजावून सांगणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. त्या पाच मिनिटांच्या बोलण्यानेही पाय वाचू शकतो.