रान्सडॉर्प: पुरानं ॲमस्टरडॅमच्या पदरात टाकलेलं गाव

ॲमस्टरडॅमच्या नकाशावर उत्तरेला बोट ठेवलं, तर शहर अचानक संपतं आणि गवताळ कुरणं सुरू होतात. मध्येच सपाट माथ्याचा, शिखर नसलेला चर्चचा जाडजूड मनोरा दिसतो. हे रान्सडॉर्प. कागदोपत्री ॲमस्टरडॅमच, पण एकेकाळी या गावाची स्वतःची नगरपालिका होती. डुर्गरडॅम आणि होलिस्लोट ही शेजारची गावंही तिच्यातच मोडत.

मग ती गेली कुठे?

जानेवारी १९१६ मध्ये वादळानं झाउडरझी हा उथळ समुद्र खवळला. बांध फुटले आणि वॉटरलँड नावाचा हा सखल प्रदेश पाण्याखाली गेला. आधीच गरीब असलेल्या छोट्या नगरपालिकांना हे नुकसान पेलणारं नव्हतं. पलीकडे ॲमस्टरडॅमला घरं, कारखाने आणि बंदर यांसाठी जमीन हवी होती. एकाला आधार हवा, दुसऱ्याला जागा. १ जानेवारी १९२१ रोजी रान्सडॉर्प, न्यूवेंडॅम, बाउकस्लोट, स्लोटन आणि वाटरग्राफ्समेर शहरात विलीन झाले. शहराचं क्षेत्रफळ जवळपास चौपट झालं.

गंमत पुढे आहे. १९३२ मध्ये आफ्स्लाउटडाइक हा प्रचंड बांध पूर्ण झाला आणि झाउडरझीचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. ज्या समुद्राच्या भीतीनं रान्सडॉर्प शहराच्या आसऱ्याला गेलं, तो समुद्र अकरा वर्षांतच उरला नाही. पालिका मात्र परत मिळाली नाही. उलट शहर वाढत येऊनही ही कुरणं बरीचशी शाबूत राहिली. म्हणजे गावानं कारभार गमावला, पण गावपण राखलं. हा सौदा वाटतो तितका वाईट नव्हता.

आज हाच प्रश्न देशभर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नेदरलँड्समध्ये १,२०० हून अधिक नगरपालिका होत्या. २०२३ पासून ३४२ उरल्या. कारण आता पूर नाही, कामाचा बोजा आहे. २०१५ मध्ये मुलांची व तरुणांची काळजीसेवा आणि घरी मदत लागणाऱ्यांच्या सेवेचा मोठा भाग केंद्रानं पालिकांवर सोपवला. त्यासाठी लागणारे तज्ज्ञ आणि पैसा छोट्या पालिकेकडे कुठून येणार?

व्हेस्प या छोट्या शहरावरही हीच वेळ आली. २०१८ मध्ये तिथल्या मतदारांना विचारण्यात आलं: ॲमस्टरडॅम की खोइसे मेरेन? स्वतंत्र राहण्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. त्यांनी ॲमस्टरडॅम निवडलं आणि २४ मार्च २०२२ रोजी व्हेस्पची पालिका संपली.