मोजणीचा किरण कोणाच्या हाती?

मार्च २०२४ पासून धारावीच्या गल्ल्यांतून मोजणीची पथके फिरू लागली. प्रत्येक खोलीला स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा, गल्लीची लेसर किरणांनी मोजणी करावयाची, नंतर घरोघर जाऊन कागदपत्रे गोळा करावयाची आणि या साऱ्यांतून धारावीची संगणकातील हुबेहूब प्रतिकृती, म्हणजे 'डिजिटल ट्विन', उभी करावयाची, असा हा कार्यक्रम जाहीर झाला. त्यावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. काही साथींच्या मते यंत्र आले म्हणजेच घरावर नांगर फिरला. तेव्हा यंत्रालाच गल्लीत पाऊल टाकू देऊ नये. इतर काहींना वाटते की किरणाला लाच देता येत नाही, त्याला जात नाही, पक्ष नाही. तेव्हा तलाठ्याच्या आणि मुकादमाच्या लहरीपेक्षा हे बरे. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे, परंतु दोन्ही मते यंत्रापाशीच थांबतात.

प्रथम यंत्र काय करते ते समजून घेतले पाहिजे. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे तीस सेंटिमीटर अंतर कापतो. यंत्रातून सुटलेला किरण भिंतीवर आदळून परत येण्यास किती वेळ लागला, यावरून भिंतीचे अंतर निघते. तिवईवरचे यंत्र स्वतःभोवती फिरत सेकंदाला लाखो ठिकाणांची अशी अंतरे टिपते. त्यांचे बिंदू संगणकात एकत्र केले की वास्तूच्या आकाराचा बिंदूंचा एक ढग तयार होतो. चांगल्या यंत्राची चूक काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही. मात्र हा ढग म्हणजे नकाशा नव्हे. त्यातील कोणते बिंदू भिंतीचे, कोणते तुळईचे, कोणते दाराला टांगलेल्या चादरीचे, हे ठरवून भिंत, दार, खिडकी, जिना अशी रचना करावी लागते आणि हे काम अद्यापही मोठ्या प्रमाणावर माणसेच करतात. शिवाय किरणाला केवळ पृष्ठभाग दिसतो. गिलाव्याच्या आतली गंजलेली सळई त्याला दिसत नाही. कपाटामागची भिंतही दिसत नाही.

या विद्येचा उत्तम उपयोग कसा होतो याचे उदाहरण पॅरिसमध्ये घडले. अमेरिकेतील व्हासर महाविद्यालयातील कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी २०१० च्या सुमारास नोत्र दाम या मध्ययुगीन चर्चची पन्नासएक ठिकाणांहून लेसर मोजणी केली आणि एक अब्जाहून अधिक बिंदू गोळा केले. त्यांचा हेतू जुन्या गवंड्यांनी हे मंदिर कसे रचले ते समजून घेण्याचा होता. १५ एप्रिल २०१९ रोजी छप्पर आणि मनोरा आगीत भस्मसात झाले, तेव्हा टॅलन हयात नव्हते. पण त्यांची मोजणी पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या हाती आली. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. तेथे मोजणी झाली ती ज्ञानासाठी आणि कामी आली ती लोकांच्या ठेव्यासाठी. त्या अब्ज बिंदूंतून कोणाच्या डोक्यावरचे छप्पर राहणार की जाणार, हे ठरावयाचे नव्हते.

धारावीत नेमके तेच ठरावयाचे आहे. म्हणून येथे आपण पॅरिसची नव्हे, इंदापूरची आठवण ठेवली पाहिजे. १८२० च्या दशकात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी करून सारा बसवला. तो इतका अवाजवी ठरला की रयतेने जमिनी टाकून दिल्या. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्याने आरंभ केला. तेहतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे, चाळीस गुंठ्यांचा एकर ही मापे त्या मोजणी खात्याने घरोघर पोहोचवली. तीस वर्षांनी फेरमोजणी झाली, सारा चढला, आणि १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध जो उठाव झाला त्याच्या कारणांत या वाढीव साऱ्याचीही गणना होते. साखळी पूर्वीइतकीच बिनचूक होती. तिने मोजलेल्या एकरावर किती रुपये बसवावयाचे, हा निर्णय साखळीचा नव्हता.

आता धारावीचे नियम पाहा. तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्यास धारावीतच साडेतीनशे चौरस फुटांचे घर विनामूल्य. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्यास धारावीबाहेर तीनशे चौरस फुटांचे घर, अडीच लाख रुपये भरून. त्याहून पुढे आलेल्यास, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यास, धारावीबाहेरच भाड्याने, हप्त्यांनी विकत घेण्याच्या अटीवर. किरण जिना टिपेल, पोटमाळ्याची उंची टिपेल, दोन्ही मजल्यांचे क्षेत्रफळ अचूक सांगेल. परंतु वरच्या मजल्यावरचा मुलगा त्याच घरात जन्मला, लग्न झाल्यावर जागा पुरेना म्हणून बापाने वर खोली चढवली, हे त्याला दिसण्याचे कारण नाही. यंत्राने दाखवलेला जिना शासन निर्णयात उतरतो तेव्हा त्याची एक सरहद्द होते आणि एकाच कुटुंबाचे दोन भाग त्या सरहद्दीच्या दोन बाजूंना पडतात. कुंभारवाड्याचे तसेच. भट्टीभोवतीचे सामाईक अंगण संगणकाला मोकळी जागा म्हणूनच दिसणार. त्या अंगणात माती वाळते, मडकी रचली जातात, त्यावर अनेक घरांची चूल पेटते. मोजणीपत्रकात त्यासाठी रकाना ठेवला तरच ते नोंदले जाईल. रकाने कोण आखतो, हा खरा प्रश्न आहे.

पुनर्विकासासाठी उभारलेल्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा ऐंशी टक्के आणि राज्य शासनाचा वीस टक्के आहे. ज्या प्रकल्पाची तिजोरी अशी वाटली गेली आहे, त्याची प्रतिकृती कोणाच्या कपाटात राहणार हे आजच विचारले पाहिजे. घराघराचे माप, उंबऱ्याचे स्थान, कारखान्याचा आकार ही माहिती म्हणजे जमिनीइतकीच मालमत्ता आहे. ती रहिवाशांच्या दारातून गोळा झालेली आहे. सबब प्रत्येक कुटुंबाला आपल्या खोलीचा मोजणी-नकाशा, तारीख आणि सहीशिक्क्यासह, मराठीत आणि त्याला वाचता येईल त्या भाषेत, मागताच मिळाला पाहिजे. चूक दुरुस्त करून घेण्याला पुरेशी मुदत असली पाहिजे. आणि संपूर्ण मोजणीची एक प्रत महापालिकेकडे लोकांना पाहण्यासाठी खुली राहिली पाहिजे. हे अशक्य नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी बहात्तर माणसे जळून मेल्यानंतर इंग्लंडने २०२२ मध्ये कायदा केला. उंच निवासी इमारतींची माहिती संगणकीय स्वरूपात अद्ययावत ठेवण्याची आणि सुरक्षिततेची माहिती रहिवाशांना देण्याची जबाबदारी त्याने इमारत सांभाळणाऱ्यांवर टाकली. बहात्तर जीव गेल्यावर सुचलेले शहाणपण आपण उसने घ्यायला हरकत नाही.

यंत्राला विरोध करणाऱ्या साथींनी गिरणगावाकडे आणि डोंगरीकडेही पाहावे. मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ चा कायदा झाला, दुरुस्ती मंडळ झाले. तरीही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तेहतीस माणसे मेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीच्या ठिकाणी दुर्घटना झाली, तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच कोसळलेला भाग मंडळाच्या यादीतल्या इमारतीचा की मागाहून जोडलेल्या अनधिकृत बांधकामाचा, असा वाद सुरू झाला. मेलेल्यांना त्या वादाचे काय? मात्र ती इमारत आधी मोजलेली असती आणि ते माप जाहीर असते, तर त्या वादाला जागा उरली नसती. लेसरला सळई दिसत नसली तरी एकच इमारत दोन पावसाळ्यांच्या अंतराने मोजली तर फुगलेली भिंत, झुकलेला खांब, खचलेला सज्जा मिलिमीटरांत उघडा पडतो. दर उन्हाळ्यात धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते; त्या यादीसोबत अशी मोजणी जोडावी, ही मागणी प्रत्येक भाडेकरू संघाने लावून धरावी. जेथे जमीन सुटणार तेथे यंत्र येते आणि जेथे जीव वाचणार तेथे केवळ नोटीस चिकटते, ही विषमता यंत्राने निर्माण केलेली नाही.

या उद्योगात आपलीही मुले आहेत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. परदेशांत मोजलेल्या शाळा, इस्पितळे, कचेऱ्या यांचे बिंदूंचे ढग भारतातील शहरांत येतात आणि येथील तरुण ड्राफ्ट्समन त्यावर भिंती आणि दारे आखून परत पाठवतात. हे कौशल्य आपल्या वस्त्यांना परके नाही. त्यांच्यापैकी दोघांचौघांनी रविवारची सकाळ दिली तर चाळ समितीला मोजणीपत्रक वाचावयास शिकवता येईल.

आणि लोकांनी स्वतः मोजणे ही कल्पना नवी नाही. १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची गणना प्रसिद्ध केली. पुढे धारावीसाठी पंतप्रधान अनुदान योजना आली, तेव्हा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाच्या साहाय्याने तेथील लोकांनी स्वतःची मोजदाद केली आणि सरकारी अंदाजाहून कितीतरी अधिक माणसे तेथे राहतात हे दाखवून दिले. त्या वेळी हाती फीत आणि वही होती. आजही पथक येण्याच्या आदल्या आठवड्यात गल्लीतील प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, पोटमाळ्याची उंची, वर कोण राहते आणि केव्हापासून, खाली कोणते काम चालते, ही नोंद दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी करून ठेवता येईल. पत्रकाच्या दोन प्रती काढाव्यात. एक कुटुंबाकडे राहावी, दुसरी समितीच्या दप्तरात. पथकाचा आकडा आणि वहीतला आकडा जुळला नाही, तर त्याच दिवशी लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.