उपेक्षित आयुधाची कैफियत

वाचकहो, या सदरातून आम्ही आजवर अनेक उपेक्षितांची बाजू मांडली. आज एका आयुधाची मांडणार आहोत, आणि तेही संगणकाच्या पडद्यावरील एका खेळातले. 'उतारवयात हे काय सुचले?' असे कोणी विचारील, तर आमच्या घरी दोन नातू आहेत एवढेच उत्तर आम्हांपाशी आहे. ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना 'माइनक्राफ्ट' हे नाव नवीन नसावे. स्वीडनमध्ये जन्मलेला हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाहेर आला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला, आणि २०२३ सालापर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यात ठरावीक कथा नाही. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट जग असते. खणावे, पेरावे, घरे बांधावीत, हवे तिकडे भटकावे. मात्र रात्र पडली की राक्षसगण निघतात, लुटारूंच्या टोळ्या फिरत असतात. म्हणून शस्त्र लागते.

या खेळात दुरून मारा करण्यासाठी धनुष्य फार पूर्वीपासून आहे. क्रॉसबो, म्हणजे लाकडी दस्त्यावर आडवे बसवलेले, चापाने सुटणारे धनुष्य, त्यात एप्रिल २०१९ मध्ये दाखल झाले. तीन काठ्या, दोन दोऱ्या, लोखंडाची एक वीट आणि सापळ्याच्या तारेचा एक आकडा एवढ्या साहित्यात ते तयार होते; पराभूत लुटारूच्या हातूनही मिळते. आणि मिळाले की बहुतेक खेळाडू ते पेटीत टाकून विसरतात. आमचे थोरले नातू पंधरा वर्षांचे आहेत; त्यांचा निकाल एका वाक्यात होता : "आजोबा, क्रॉसबो म्हणजे नुसते ओझे."

आरोपीची बाजू मांडणाऱ्याने आरोपही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. धनुष्य पूर्ण ताणण्यास एक सेकंद लागतो, क्रॉसबो भरण्यास सव्वा. धनुष्यावर 'पॉवर' नावाचा मंत्र पाचव्या पायरीपर्यंत चढवला की बाणाची इजा अडीचपट होते. क्रॉसबोला तो मंत्र लागू पडत नाही. एकाच बाणावर अखंड मारा चालू ठेवणारा 'इन्फिनिटी' मंत्रही त्याच्या वाट्याला आलेला नाही. एकट्या शत्रूवर एकामागून एक बाण सोडायचे असतील, तर सज्ज केलेले धनुष्यच सरस. हे आम्ही निःसंकोच मान्य करतो.

परंतु आयुधाची परीक्षा एकाच मापाने करणे न्याय्य नव्हे. धाकटे नातू अकरा वर्षांचे. त्यांनी आम्हांस जवळ बसवून जे दाखवले, त्याने आमचे मत पालटले. धनुष्याची दोरी ताणलेली ठेवता येत नाही. हातातले शस्त्र बदलले की केलेले श्रम वाया जातात. क्रॉसबोचे तसे नाही. तो एकदा भरला की भरलेलाच राहतो. तो बाजूला ठेवा, शेत नांगरा, घर बांधा, निजा. सकाळी हातात घ्याल तेव्हा बाण जागच्या जागी. शिवाय ताणलेले धनुष्य घेऊन चालावे तर पाय जड होतात. भरलेला क्रॉसबो घेऊन खुशाल धावता येते. भरतेवेळचा सव्वा सेकंदही 'क्विक चार्ज' या मंत्राच्या तिसऱ्या पायरीने अर्ध्या सेकंदावर येतो. 'पियर्सिंग'ची चौथी पायरी असेल, तर एकच बाण चौघांतून आरपार जाऊन पाचव्यास लागतो. 'मल्टिशॉट'ने एका बाणाचे तीन होतात. मात्र हे शेवटचे दोन मंत्र एका क्रॉसबोवर एकत्र नांदत नाहीत. आणि धनुष्याला कधीच न साधणारी गोष्ट अशी की, क्रॉसबोतून आतषबाजीचे अग्निबाणही सुटतात. त्यांत दारूचा 'तारा' घातलेला हवा. ताऱ्यावाचून केवळ आवाज होतो, इजा होत नाही.

हे ऐकताना आम्हांस याफोची आठवण झाली. आपल्यापैकी कित्येकजण त्या किनाऱ्यावर सहज फेरफटका मारून येतात. ऑगस्ट ११९२ मध्ये तेथेच इंग्लंडचा राजा रिचर्ड मूठभर सैन्यानिशी सलाहुद्दीनच्या घोडदळासमोर उभा होता. त्याच्या आडव्या धनुष्यांचा दोषही हाच, की भरण्यास वेळ लागे. समकालीन बखरकार सांगतात की, त्याने भालाईत गुडघ्यांवर बसवून त्यांच्या भाल्यांची टोके पुढे रोखली, दोघा भालाइतांच्या मध्ये एक तिरंदाज उभा केला आणि त्याच्या मागे दुसरा माणूस केवळ धनुष्य भरून देण्यासाठी ठेवला. एकाने भरावे, दुसऱ्याने सोडावे. मारा खंडू नये. घोडदळ पुनःपुन्हा चालून आले आणि परत फिरले. हा राजा पुढे ११९९ साली फ्रान्समध्ये एका गढीच्या वेढ्यात अशाच आडव्या धनुष्याच्या बाणाने जखमी होऊन मरण पावला. याउलट १३४६ साली क्रेसीच्या लढाईत जिनोआच्या तिरंदाजांची हीच धनुष्ये इंग्रजांच्या लांब धनुष्यांपुढे मंद ठरली. शस्त्राचा प्रकार तोच; एका ठिकाणी आधीच्या तयारीची जोड मिळाली, दुसऱ्या ठिकाणी नाही.

आता घरच्या रणांगणाकडे वळतो. आमच्या नातवांचे एक सामाईक जग आहे. आठ महिने खपून त्यांनी त्यात घरे, शेते, पूल उभारले. ते जग 'हार्डकोर' पद्धतीचे. म्हणजे प्रत्येकास एकच जीव. मेल्यावर पुन्हा उठणे नाही, केवळ भुताप्रमाणे हिंडून पाहत राहणे. गेल्या महिन्यात त्यांच्या खेड्यावर लुटारूंची धाड आली. या पद्धतीत धाडीच्या सात लाटा येतात. थोरले धनुष्य घेऊन तटावर उभे राहिले. धाकट्यांच्या कमरेच्या नऊ खणांपैकी पाच खणांत क्रॉसबो होते, पाचही आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेले : तिघांत बाण, दोघांत अग्निबाण. थोरले त्यांस हसले, हे नमूद करणे भाग आहे.

पहिल्या लाटा धनुष्यानेच परतवल्या. पाचव्या लाटेत बैलासारखे अजस्र जनावर आले, त्याला 'रॅव्हेजर' म्हणतात. ते मोकळ्या रानात असतानाच धाकट्यांनी दोन्ही अग्निबाण सोडले. खेडुतांजवळ ते सोडता येत नाहीत, कारण स्फोट आपपर भाव जाणत नाही. जनावर लंगडे झाले आणि थोरल्यांच्या बाणांनी पडले. सहाव्या लाटेत मात्र चार कुऱ्हाडवाले तट चुकवून आत शिरले. थोरल्यांच्या दहा हृदयांपैकी दोनच उरली. धनुष्य ताणण्यास सवड नाही, ताणावे तर पाय चालत नाहीत. ते घरांमधल्या अरुंद बोळातून पळाले आणि चौघे एका ओळीत त्यांच्या मागे लागले.

बोळाच्या तोंडाशी धाकटे उभे होते. थोरले बाजूने निसटताच पहिला क्रॉसबो सुटला, मग दुसरा, मग तिसरा. भरण्यासाठी क्षणाचाही विलंब नाही. कुऱ्हाडवाल्याचा जीव चोवीस अंशांचा, बाणाची सरासरी इजा नऊ. तीन बाणांत हिशेब पुरा, आणि प्रत्येक बाण चौघांतूनही आरपार गेलेला. बोळ मोकळा झाला. आम्ही खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो, हे आमच्या नंतर ध्यानात आले.

त्या रात्री थोरले फारसे बोलले नाहीत. धाकट्यांनीही विषय काढला नाही. ते सातव्या लाटेनंतर शांतपणे पाचही क्रॉसबो पुन्हा भरीत बसले होते. आम्ही विचारले, "आता कशाला? धाड तर संपली." ते म्हणाले, "आजोबा, संपली म्हणूनच. आता वेळ आहे."

हे उत्तर आम्ही अजून घोळवीत आहोत. ज्या वस्तूचे श्रम संकटाच्या आधी होऊन जातात, तिचे मोल संकटात मोजणाऱ्याला दिसत नाही; त्याला दिसते ती केवळ तिची मंद गती. क्रॉसबो उपेक्षित राहिला तो यामुळेच, असे आमचे नम्र मत आहे.

परवा थोरल्यांच्या खणांवर सहज नजर गेली. धनुष्य जागेवरच आहे, आणि ते टाकावे असे आमचेही म्हणणे नाही. परंतु त्याच्या शेजारच्या खणात एक क्रॉसबो आहे. भरलेला आहे.